कडी आमची, कुलूप तुमचं

हिंजवडीजवळ जांब्याला खोली बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी मला ना गाव विचारलं, ना पगार. माझ्या हातातल्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "कुलूप आणलंय का?"

कुलूप खोलीबरोबर मिळतं असं मी धरून चाललो होतो. मी नगर जिल्ह्यातला, शिक्षण सगळं मामाच्या घरी राहून झालेलं. स्वतःचं कुलूप घ्यायची वेळच कधी आली नव्हती.

"कडी आमची, कुलूप तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या हितं ही रीतच हाय. दुसरी किल्ली आमाला द्यायची न्हाई, आमी मागनार न्हाई. उद्या तुमची सुई जरी हरवली तरी आमच्याकडं बोट नगं."

हे २००४ साल. त्यांनी निम्मं शेत विकून उरलेल्या शेताच्या कडेला आठ खोल्या बांधल्या होत्या, आणि आठही खोल्यांत आमच्यासारखे, हिंजवडीत संगणकापुढं बसणारे, कुठून कुठून आलेले लोक राहत होते. तिन्हीसांजेला मावशी (आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो) ओट्यावरून जाताना प्रत्येक कुलूप एकदा ओढून बघायच्या. लागलंय की नाही एवढंच बघायचं. उघडायची सोय त्यांच्याकडं नव्हतीच. कोणाची किल्ली हरवली तर त्या करवत द्यायच्या. त्यानं स्वतःचं कुलूप स्वतः कापायचं आणि चौकातून नवं आणायचं. मला तेव्हा ही पद्धत फार अडाणी वाटली होती. एक किल्ली मावशींकडं ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

शेजारच्या खोलीत तो होता. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा, माझ्याच कंपनीत, दोन मजले वर. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. चहा तो करायचा, कप मी धुवायचो, आणि या वाटणीवर आमची मैत्री उभी होती. त्याला नोकरी लागली त्याच वर्षी त्याचे वडील गेले होते. आई गावी एकटी. दर रविवारी तो तिला शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायचा आणि मग तासभर कोणाशी बोलायचा नाही.

मावशी डबेही द्यायच्या. आमच्या खोल्यांतले आणि आसपासचे मिळून साठेक जण त्यांचे गिऱ्हाईक. आज कोणाला डबा हवा, कोणाला नको, कोणाचा उपास, कोणाला चार पोळ्या, हे सगळं सकाळी दारादारावर खडूनं लिहिलेलं असायचं, आणि आंघोळीच्या बादल्यांनी निम्मं पुसलेलं असायचं. मला वाटलं, आपण एवढे शिकलेले, मावशींचा हा घोळ मिटवू. आपला हात जगन्नाथ! महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून मी डब्याची एक वेबसाइट बनवली. लोकांनी ऑफिसात गेल्यावर ती उघडायची, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, काय हवं त्यावर खूण करायची. दहा वाजता मी आकडे बघून मावशींना फोन करायचो, "मावशी, आज त्रेचाळीस. त्यात उपास पाच."

माझा केवढा रुबाब वाढला म्हणून सांगू! मावशींच्या नवऱ्यानं मला भाऊबीजेच्या जेवणाला बोलावलं, तेसुद्धा त्यांच्या बहिणींच्या पंगतीत.

आता त्या वेबसाइटमध्ये मी काय करून ठेवलं होतं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. देवळाबाहेर आपण चपला देतो आणि बिल्ला घेतो. आत फिरताना हातात बिल्ला असतो, चपला नाही. वेबसाइटचं तसंच असतं. दारात एकदा पासवर्ड दाखवला, ओळख पटली, की पासवर्डचं काम संपलं. पुढं त्या भेटीपुरता, म्हणजे त्या सेशनपुरता, नुसता बिल्ला चालतो. पण मी अर्धवट शिकलेला आणि त्यात हौशी. मी बिल्ल्याबरोबर पासवर्डही सेशनमध्ये भरून ठेवला आणि प्रत्येक पानावर तो पुन्हा तपासायला लागलो. दुप्पट तपासणी, म्हणजे दुप्पट सुरक्षित, असं माझं गणित होतं. पासवर्ड साठवलेही होते जसेच्या तसे, उघडे. कोणी विसरला तर त्याला सांगता यावा म्हणून.

त्यातच एके दिवशी सेशनांची सरमिसळ झाली. एका माळकऱ्याच्या डब्यात अंडाकरी गेली आणि चार सामिष गडी साबुदाण्याच्या खिचडीकडं बघत बसले. मावशींनी माझा उद्धार केला. चूक सापडावी म्हणून मी सगळ्या सेशनांतला मजकूर एका फाइलीत उतरवून घ्यायला लागलो. चूक दोन दिवसांत सापडली. फाइलीत उतरवणं मात्र मी बंद केलं नाही.

विसरलो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मला ती फाइल वाचायला आवडायची.

नाव, पासवर्ड, पोळ्या किती. रोज चाळीस-पन्नास ओळी. कोणी देवाचं नाव ठेवलं होतं, कोणी मोटरसायकलचा नंबर, कोणी स्वतःची जन्मतारीख. दोन वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोघांचा पासवर्ड एकाच मुलीचं नाव होतं, आणि ती कोणत्या मजल्यावर बसते हे मला माहीत होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी ओट्यावर त्या दोघांना चहा पिताना बघायचो आणि मनातल्या मनात हसायचो. एखाद्याच्या मनातलं आपल्याला फुकट कळतंय, ह्याची एक घाणेरडी मजा असते. ती मला चांगली ठाऊक आहे.

मावशींना एकदा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"कोणी पासवर्ड विसरला तरी काळजी नाही, मावशी. सगळ्यांचे माझ्याकडं आहेत."

त्यांनी सुपातून डोकं वर काढलं. "म्हंजी समद्यांच्या किल्ल्या तुमच्यापाशी?"

"तसंच समजा."

"मग त्येला कुलूप कशाला म्हनायचं?"

"अहो मावशी, विश्वासाचं काम आहे."

"इस्वास हाय म्हनूनच किल्ली ठिवायची नसती, सायेब," त्या म्हणाल्या आणि खडे वेचायला लागल्या. मी हसलो. चौथी शिकलेल्या बाईला संगणकातलं काय कळणार, असं मला वाटलं. त्या दिवशीचं ते हसू आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

२००५च्या पावसाळ्यानंतर शेजारच्या खोलीतला माझा मित्र माझ्यापासून काही लपवायला लागला. आधी लक्षात आलं ते एक नवं प्लॅस्टिकचं फोल्डर. मी खोलीत शिरलो की ते गादीखाली जायचं. मग एका संध्याकाळी हिंजवडीच्या चौकात तो प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढताना दिसला, आणि मला बघून म्हणाला, "काही नाही बे, बँकेचं काम." बँकेला दहावीचं मार्कशीट कशाला लागतं? मला राग आला. वाईटही वाटलं. नाशिकच्या एका मुलीनं मला नकार दिला, तो तिनं काय शब्दांत दिला, हेसुद्धा मी त्याला सांगितलं होतं. आणि हा माझ्यापासून लपवतो?

त्याचा पासवर्ड मला पाठ होता. त्याच्या गावाचं नाव आणि पुढं घराचा नंबर. त्याच्या आईच्या आंतरदेशीय पत्रावर पाठवणाऱ्याच्या जागी तोच पत्ता असायचा. त्या काळी लोक सगळीकडं एकच पासवर्ड ठेवायचे. डब्याला तो, मेलला तोच.

एका शनिवारी दुपारी मी चौकातल्या सायबर कॅफेत बसलो होतो. ऑफिसात मेल उघडायला बंदी, त्यामुळं आम्हा सगळ्यांचे मेल इथंच. मी साइटचं काम संपवलं. तासातली दहा मिनिटं उरली होती. नुसतं बघू, हा पासवर्ड तिथं चालतो का, एवढंच मी म्हणालो. माझ्याच मनाला मी असं फसवलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

चालला.

सगळ्यात वर एक नवा मेल होता, अजून न उघडलेला, ठळक अक्षरांत. त्याच्या गावाजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा. मी तो उघडला. अध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत, येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहावं.

म्हणजे हा गावी चालला होता. आईकडं. मला न सांगता. मी ते तीनदा वाचलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मेलच्या ओळीचा ठळकपणा गेला असणार. उघडलेला मेल साध्या अक्षरांत दिसतो. त्याला परत 'न वाचलेला' अशी खूण लावता येते, हे मला माहीत होतं. दहा सेकंदांचं काम. मी मागं जायला बटण दाबतोय तोवर पडदा बंद झाला. तास संपला होता. माझ्या मागं चार जण ताटकळत उभे होते आणि त्यातला पहिला माझ्या खुर्चीत जवळजवळ बसलाच.

"अजून पाच मिनिटं द्या की," मी कॅफेवाल्याला म्हणालो.

"नंबर लावा. तासभर लागंल."

मला भूक लागली होती. हे मला लिहायलाच हवं, कारण यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. डबा खोलीवर वाट बघत होता. त्याला उद्या दिसेलच की, असं म्हणून मी निघून आलो.

तो रविवारी सकाळी कॅफेत जायचा, अर्धा तास. त्याच्याकडं फॉरवर्ड केलेले मेल ढिगानं यायचे, हा सात जणांना पाठवा, तो अकरा जणांना. म्हणून तो फक्त ठळक ओळींवर बोट ठेवायचा, बाकी बघायचाच नाही. हे त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या रविवारी तो परत येईपर्यंत मी ओट्यावरून हललो नाही.

"काही विशेष?" मी विचारलं.

"काही नाही बे. तेच देवाचे मेल. सात जणांना पाठवला नाही तर वाटोळं होते म्हणे." आणि तो चहा टाकायला आत गेला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "तुझा मेल मी उघडला, माफ कर, गुरुवारी मुलाखत आहे." दोन शिव्या बसल्या असत्या, फार तर एक थोबाडीत बसली असती. मी बोलायचं सोडून कप विसळायला उठलो. कारण हे सांगायचं तर तेही सांगावं लागणार होतं, फाइलीचं, रोज वाचत होतो त्याचं, सगळ्या आठ खोल्यांचं. मावशींच्या पंगतीतला माझा पाट जाणार होता.

सोमवारी मी आडून प्रयत्न केला. कप धुताना म्हणालो, "तू गावाकडं एखादं कॉलेज का बघत नाहीस? शिकवशील चांगला."

तो एकदम वळला. "कॉलेजचं तुला कोणं सांगितलं?"

"कोणी नाही. आपलं असंच."

"काऊन पण? असंच कसं?" तो माझ्याकडं बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, ओळखलं यानं. मी विषय बदलला आणि त्यानंतर कॉलेज हा शब्द तोंडातून काढला नाही. मंगळवारी म्हणालो, मेल आठवड्यातून दोनदा तरी बघावेत. तो म्हणाला, कशाला, कोण लिहिते मला?

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसबाहेरच्या टपरीवर गेलो. तिथं नाणं टाकायचा लाल फोन होता. आवाज बदलून सांगायचं ठरवलं होतं, कॉलेजातून बोलतोय, मेल बघा, उद्या अकराला या. दुपारची गाडी चुकली तरी संध्याकाळच्या एसटीनं तो पोचला असता. मी त्याच्या ऑफिसातल्या टेबलाचा नंबर फिरवला आणि तोंडाला रुमाल धरला. टपरीवाला माझ्याकडं बघत होता. पलीकडून त्याचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलते?"

माझा आवाज बदललाच नाही. आलाच नाही, मग बदलणार काय? "हॅलो? आई?" तो म्हणाला. अवेळी फोन आला की त्याला आईच आठवायची. मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तो ओट्यावर शर्ट धुवत बसला होता. एसटीची वेळ होती तेव्हा तो शर्ट पिळत होता, मग दोरीवर वाळत घालून त्यानं मला विचारलं, "चहा घेतो का?" मी घेतला. त्या चहाइतकं कडू मी आयुष्यात काही प्यायलो नाही, आणि साखर त्यानं नेहमीसारखीच दोन चमचे घातली होती.

गुरुवार गेला. शुक्रवारी मी रजा टाकली आणि सगळी वेबसाइट उलटीपालटी केली. सेशनमधून पासवर्ड काढून टाकला, फक्त बिल्ला ठेवला. ती फाइल पुसली. साठवलेले पासवर्डही उघडे ठेवले नाहीत, दळून ठेवले. गहू एकदा दळले की पिठातून परत दाणे करता येत नाहीत. माणूस पुन्हा दाणे घेऊन आला की तेच जातं फिरवायचं आणि पीठ जुळतं का बघायचं. जुळलं तर आत घ्यायचं. दाणे आपण ठेवायचे नाहीत. कोणी विसरलाच तर जुना सांगायचा नाही, त्यानं नवा घ्यायचा. हे करता करता मला कळलं की मावशी रोज संध्याकाळी कुलपं ओढून बघतात ते हेच, आणि त्यांची करवतही हीच. लागलंय की नाही, एवढंच त्यांना कळतं, आणि तेवढंच कळायला हवं असतं. पण बैल गेला अन् झोपा केला, त्याचा काय उपयोग?

डिसेंबरात त्यानं स्वतःहून सांगितलं. गावाकडच्या कॉलेजात अर्ज केला होता, नोकरी लागली असती तर तुला पेढे घेऊनच सांगणार होतो, झालं नाही तर हसू नको म्हणून बोललो नाही. "त्यांनी बोलावलंच नाही बे. वशिला लागत असंल. नाहीतर मीच कमी पडलो असंन."

"चौकशी करून बघ," मी म्हणालो. मनात म्हणत होतो, करू नको.

"कशाला? ज्यानं बोलावलं नाही त्याच्या दारात कशाला उभं राहायचं?"

पुढच्या वर्षी त्यानं आईला जांब्याला आणलं. तिची नजर अधू झाली होती, एकटीला ठेवणं जमेना. दहा बाय बाराच्या त्या खोलीत ती माउली येऊन बसली. घराची किल्ली तिनं कमरेला खोचलेली असायची, कारण घर विकलं नव्हतं, नुसतं बंद करून आली होती. मावशींशी तिचं जमलं. दोघी ओट्यावर तांदूळ निवडायच्या, एकीला दुसरीची भाषा निम्मी कळायची. मला मात्र तिनं दुसरा मुलगाच करून टाकलं. ऑफिसातून आलो की दारातूनच हाक, "जेवला काय, बाप्पा?" ज्वारीची भाकरी, वर तेल-तिखट. मी मुकाट्यानं खायचो. ती म्हणायची, "एकदा जाऊन घर उघडून झाडून यावं म्हणतो मी. बंद घराला वास येते." मुलगा म्हणायचा, सुट्टी मिळाली की जाऊ. सुट्टी मिळायची तेव्हा तिची तब्येत नसायची.

२००८च्या थंडीत ती त्याच खोलीत गेली. तिची किल्ली मावशींनी कमरेवरून काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती मुठीत धरली आणि तो मला म्हणाला, "घर पाहाचं राहूनच गेलं तिचं." मी त्याला धरून रडलो. लोकांना वाटलं, मैत्री असावी तर अशी.

इकडं कंपनीत माझं नाव झालं होतं. लोकांचे पासवर्ड कसे सांभाळावेत, सेशनमध्ये काय ठेवू नये, ह्यातला मी जाणकार. नव्या पोरांना मी शिकवायचो, "ज्याची गरज नाही ते जवळ ठेवू नका. दिसलं तर बघाल, आणि बघितलं तर वापराल." कोणाच्या कामात उघडा पासवर्ड सापडला तर मी आकाशपाताळ एक करायचो. एकदा एक मुलगी रडली माझ्या बोलण्यानं. एवढं का चिडता, असं कोणी विचारलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि तेच कुंपण आता उठून सगळ्यांना शेताची राखण शिकवत होतं.

२०१०मध्ये त्यानं सूस गावात फ्लॅट घेतला. लग्न झालं होतं, बायको समजूतदार, वर्षभराची मुलगी. वास्तुशांतीला मावशीही आल्या होत्या, नवं नऊवारी नेसून. जेवणं झाली, पाहुणे पांगले, त्याची बायको मुलीला घेऊन मावशींना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेली. आम्ही दोघंच उरलो. घरात होमाचा धूर अजून होता.

त्यानं खिशातून एक किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "ही ठेव तुझ्यापाशी. आम्ही गावाला गेलो की एखादी चक्कर मारत जा. दुसऱ्या कोणापाशी दिली नसती."

मी हात पुढं केला. खरंच केला होता. पण किल्लीला बोट लागलं आणि मला ते जमेना. पाच वर्षं मी त्याच्या हातचा चहा प्यायलो, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली, तिला खांदा दिला. आता किल्लीही घेऊ?

"मला नको देऊस," मी म्हणालो. "तुला कॉलेजनं बोलावलं होतं."

मग सगळं सांगितलं. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या, एका दमात. फाइल, कॅफे, ठळक ओळ, नंबर, भूक. रुमाल तोंडाला धरून केलेला फोन, आणि त्या संध्याकाळी एसटीच्या वेळेला तो शर्ट धुवत होता तेही. तो फोन तूच केला होता का, एवढंच त्यानं मधे विचारलं. मी हो म्हणालो.

त्यानं किल्ली सिंकजवळ ठेवली, आतल्या खोलीत गेला आणि संगणक चालू केला. मी दारात उभा राहिलो.

"ये," तो म्हणाला. मेलचं पान उघडलं होतं. त्यानं खुर्ची मागं सरकवली. "टाक पासवर्ड. अजून तोच आहे. तुला पाठ असंल."

मला पाठ होता. मी खाली वाकून टाकला. गावाचं नाव, घराचा नंबर. बोटं एकदाही अडली नाहीत, आणि ते त्यानं बघितलं.

मग तो मागं मागं जात राहिला. पानामागून पान, २००९, २००७, २००५. सापडला. साध्या अक्षरांत, दोन देवाच्या मेलच्या खाली. त्यानं तो उघडला आणि सावकाश वाचला, एकेक ओळ, खालची सही सुद्धा.

"गुरुवार होता," तो म्हणाला. "मी शर्ट धुतला होता त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला माफ कर, असं मी म्हणालो असेन. नक्की आठवत नाही. त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. खालून त्याच्या मुलीचा आवाज येत होता, त्या परत येत होत्या. त्यानं मेल बंद केला आणि पासवर्ड बदलायचं पान उघडलं. आधी जुना टाकला. मग नवा टाकायच्या आधी तो थांबला, डावा हात उचलला आणि माझ्या बाजूनं कीबोर्डवर आडवा धरला.

मी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. एवढंच मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं.